इंजिन नसलेली गाडी

रुळांवरची मुंबई : भाग ६

जळगावहून भुसावळ चोवीस किलोमीटर. मध्ये एकच स्टेशन, भादली. मुंबईत सीएसएमटीहून ठाणं चौतीस किलोमीटर, आणि मध्ये सतरा स्टेशनं. धीमी लोकल सरासरी दोन किलोमीटरही न धावता थांबते, फलाटावर जेमतेम अर्धा मिनिट उभी राहते आणि सुटते. पुन्हा थांबते, पुन्हा सुटते. गर्दीने ठासून भरलेली गाडी दर दोन-तीन मिनिटांनी उभ्या जागेवरून उचलून वेगाला आणायची, हीच लोकलची खरी परीक्षा. तिचा कमाल वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. भुसावळवरून जाणाऱ्या कितीतरी एक्स्प्रेस तिच्याहून वेगाने धावतात. पण सुटण्याच्या बाबतीत यातली इंजिनाने ओढलेली एकही तिच्या जवळपास येत नाही.

मागच्या भागात आपण १५०० व्होल्टची जुनी वीज आणि तिच्यापायी इगतपुरीला होणारी इंजिनांची अदलाबदल पाहिली. वीज तारेतून गाडीत आली, इथवर आपण पोचलो होतो. ती चाकाला कुठे आणि कशी मिळते, हे आता पाहू.

रूळ पोलादी, चाकही पोलादी. गुळगुळीत रुळावर चाक फारसा विरोध न होता धावतं, म्हणून रेल्वे स्वस्तात ओझं वाहते. पण तोच गुळगुळीतपणा सुटताना आडवा येतो. जोर जास्त झाला की चाक जागच्या जागी गरगरतं. ते किती जोर पेलेल, हे त्याच्यावर किती वजन आहे यावर ठरतं. आता बावीस डब्यांची एक्स्प्रेस घ्या. प्रत्येक डब्याला चार आस, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. इंजिनाचे सहा धरून चौऱ्याण्णव. यातले फक्त सहा आस गाडी ओढतात, बाकीचे मागून घरंगळत येतात. इंजिन कितीही ताकदवान असलं तरी सहा आसांवर जेवढं वजन, तेवढीच त्याची पकड. म्हणून जळगाव स्टेशनातून सुटलेली एक्स्प्रेस रंगात यायला वेळ घेते. पुढचा थांबा चाळीसगाव किंवा मनमाड असेल, तर त्याने काही बिघडत नाही.

लोकलमध्ये इंजिन नाहीच. बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार मोटर डबे असतात आणि त्यांच्या प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर असते. अठ्ठेचाळीसपैकी सोळा आस, म्हणजे एक तृतीयांश गाडी स्वतःच्या पायांनी चालते. शिवाय मोटर डब्यात चढलेल्या माणसांचं वजनही पकड वाढवायलाच कामी येतं. सगळ्या मोटरींना हुकूम एकाच वेळी जातो. गार्डाने दोन घंटा दिल्या, मोटरमनने हँडल फिरवलं, की अर्ध्या मिनिटात गाडी पन्नासच्या आसपास पोचते. थांबतानाही याच मोटरी कामाला येतात: त्या उलट वीज तयार करतात, गाडीचा वेग खातात आणि २००७ पासून आलेल्या गाड्यांत ती वीज वरच्या तारेत परतही जाते. मागून येणारी दुसरी लोकल ती वापरते. जिथे दिवसभर थांबणं चालू असतं तिथे ही बचत फार मोठी आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तीही अशीच मोटर डब्यांची होती. शंभर वर्षांत वीज बदलली, मोटरी बदलल्या, डब्यांची संख्या पंधरापर्यंत गेली. हे मूळ तत्त्व मात्र कुणाला बदलावं लागलं नाही.

या रचनेचा दुसरा फायदा धुळेकरांना समजावून सांगायची गरज नाही. चाळीसगाव-धुळे हा १९०० सालचा एकेरी फाटा. धुळं शेवटचं स्टेशन, त्यामुळे आलेली पॅसेंजर परत पाठवायची तर इंजिन सोडवा, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्या, पुन्हा जोडा. मुंबईला जाणारे धुळ्याचे डबे चाळीसगावला काढून अमृतसर एक्स्प्रेसला लावले जात. किती कुटुंबांनी तिथे ते धक्के आणि ती वाट पाहणं सोसलं असेल! डब्याला स्वतःची ताकद नसली की हे सगळं आलंच. चर्चगेटही शेवटचं स्टेशन आहे आणि तिथे फलाट आहेत फक्त चार. त्या चार फलाटांवर पश्चिम रेल्वेचा एवढा मोठा भार सांभाळला जातो, कारण लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन आहे. गाडी आली, माणसं उतरली, दुसऱ्या टोकाचा मोटरमन तयारच असतो. पाच-सात मिनिटांत ती परत निघते. हेच काम इंजिन लावून करायचं म्हटलं, तर चर्चगेटला फलाटांची रांग समुद्रापर्यंत न्यावी लागेल.

डिसेंबर २०२१ पासून धुळे-चाळीसगाव मार्गावर मेमू धावते. भुसावळ-इगतपुरीही मेमू आहे. मेमू म्हणजे लोकलची धाकटी बहीण. तिच्यात साधारण चार डब्यांमागे एक मोटर डबा असतो, म्हणून तिची उडी लोकलपेक्षा थोडी कमी. लांबच्या प्रवासासाठी शौचालय असतं, खालच्या फलाटांसाठी दारात पायऱ्या असतात. पण बोरविहीर, शिरूड, राजमाने, जामदा अशा थांब्यांवर थांबत जाण्यासाठीच ती घडवलेली आहे, आणि धुळ्याला तिला इंजिन फिरवावं लागत नाही.

म्हणूनच मला वाटतं, खान्देशाला गाडी योग्य मिळाली, पण वेळापत्रक अजून जुन्या पॅसेंजरचंच आहे. दोन टोकांना केबिन असलेली गाडी दिवसातून मोजक्या फेऱ्या करून उभी ठेवणं, हा तिच्या गुणाचा अपव्यय आहे. भुसावळ-जळगाव-पाचोरा-चाळीसगाव आणि जळगाव-धरणगाव-अमळनेर या दोन पट्ट्यांत कॉलेजची मुलं, कारखान्यातले कामगार, कचेरीतली माणसं रोज अपडाऊन करतात. सकाळची एक गाडी चुकली की एसटी किंवा दुचाकी. अडचण आजवर रुळांची होती: मालगाड्या आणि एक्स्प्रेस यांच्यात मेमूला जागाच नव्हती. आता उधना-जळगाव मार्ग दुहेरी झाला आहे, मनमाड-जळगाव तिसऱ्या मार्गाचं काम चालू आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच १६० किलोमीटरवर चौथ्या मार्गालाही मंजुरी दिली. हे रूळ मुख्यतः मालासाठी मागितले गेले आणि मंजूर झाले. त्यांच्यामुळे मोकळ्या होणाऱ्या वेळेतली दर तासाची एक मेमू आपली आहे, हे आपल्या खासदारांनी आणि प्रवासी संघटनांनी आत्ताच बोलायला हवं. वेळापत्रक एकदा मालगाड्यांनी भरलं की त्यात फट सापडत नाही.

लोकल दर तीन-चार मिनिटांनी सुटते, तरी मागची गाडी पुढचीवर आदळत नाही. आणि भुसावळहून गेलेली आपली एक्स्प्रेस मात्र कल्याणच्या अलीकडे सिग्नलला उभी राहते. या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. ते पुढच्या रविवारी.