धुरांड्याच्या अस्तराचे उष्णतारोधन

धुरांड्याच्या अस्तराचे उष्णतारोधन म्हणजे लाकडावर चालणाऱ्या बंदिस्त शेगडीचा (वुड स्टोव्हचा) धूर वाहून नेणाऱ्या नळीभोवती उष्णता अडवणाऱ्या पदार्थाचा थर देणे. ही नळी सहसा स्टेनलेस स्टीलची असते. ती विटांच्या जुन्या धुरांड्यात वरून खाली सोडली जाते, म्हणून तिला अस्तर म्हणतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा इत्यादी थंड हवामानाच्या प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी अशा शेगड्या वापरल्या जातात.

पार्श्वभूमी

या प्रदेशांतील जुन्या घरांची धुरांडी उघड्या शेकोटीसाठी (फायरप्लेससाठी) बांधलेली होती. उघड्या शेकोटीची बरीचशी उष्णता खोलीला न मिळता वर निघून जाते. त्यामुळे रुंद धुरांडेही आपोआप तापलेले राहते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडाच्या बंदिस्त शेगड्यांचा वापर पुन्हा वाढला आणि त्यांपैकी अनेक या जुन्या धुरांड्यांनाच जोडल्या गेल्या. बंदिस्त शेगडी हवा कमी घेते आणि उष्णता खोलीत ठेवते. धूर कमी करण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये नियम लागू केले व २०१५ मध्ये ते अधिक कडक केले. शेगडी जितकी कार्यक्षम, तितका तिचा धूर थंड असतो. म्हणजे चांगल्या शेगडीला धुरांडेही तितकेच चांगले लागते. जुन्या धुरांड्यावर नवी शेगडी नीट पेटत नाही, अशी तक्रार होते तेव्हा दोष बहुधा शेगडीचा नसतो.

ओढ

धूर वर खेचणाऱ्या दाबफरकाला ओढ म्हणतात. गरम वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असल्याने ती निर्माण होते. धुरांड्याची उंची आणि आतील वायूचे सरासरी तापमान यांवर ती मुख्यतः अवलंबून असते. बाहेर ० अंश सेल्सिअस तापमान असताना ६ मीटर उंच धुरांड्यातील वायू सरासरी २०० अंशांवर राहिला, तर घर्षण वगळता सुमारे ३२ पास्कल ओढ मिळते. तोच वायू ८० अंशांपर्यंत थंड झाल्यास ती सुमारे १७ पास्कलवर येते. युरोपीय मानकात अशा शेगडीची चाचणी साधारण १२ पास्कल ओढीवर घेतली जाते. घर्षण, वळणे आणि वारा यांचा परिणाम लक्षात घेता १७ पास्कल फारसे पुरेसे नाहीत. ओढ कमी पडली की दार उघडताच धूर खोलीत येतो, हवा अपुरी मिळून लाकूड धुमसत राहते आणि त्यामुळे धुरांडे आणखी थंड होते.

नळीच्या व्यासाचाही येथे संबंध येतो. ३० सेंमी × ३० सेंमी मापाच्या धुरांड्याचे छेदक्षेत्र १५ सेंमी व्यासाच्या नळीच्या सुमारे पाचपट असते. त्यातून धूर तितकाच संथ चढतो आणि वाटेतच निवतो. केवळ अस्तर घातल्याने वेग वाढतो. परंतु पातळ धातू उष्णता अडवत नाही, आणि नळीभोवतीच्या पोकळीतील हवा अभिसरणाने उष्णता भिंतीकडे नेत राहते. धुरांडे घराच्या बाहेरील भिंतीला असेल तर हा फरक सर्वाधिक जाणवतो; घराच्या मधोमध असलेले धुरांडे तुलनेने उबदार राहते.

क्रिओसोट व आग

२० टक्के ओलावा असलेले १ किलो लाकूड जळताना अर्ध्या लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. अपूर्ण ज्वलनातील डांबरी बाष्पेही त्यासोबत असतात. नळीचा पृष्ठभाग सुमारे १२० अंशांखाली गेल्यास ही बाष्पे त्यावर साचू लागतात. या काळ्या, चिकट व ज्वलनशील थराला क्रिओसोट म्हणतात. एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की हा थर पेट घेतो आणि तापमान १,००० अंशांच्या वर जाऊ शकते. विटांच्या भेगांतून ही उष्णता लगतच्या लाकडी वाशांपर्यंत पोहोचल्यास घराला आग लागते. अमेरिकी नियमांनुसार घराच्या आतील विटांचे धुरांडे व लाकडी बांधकाम यांत सुमारे ५ सेंमी मोकळी जागा लागते. जुन्या घरांत ती अनेकदा नसते. अशा ठिकाणी 'यूएल १७७७' मानकानुसार तपासलेले उष्णतारोधित अस्तर वापरले जाते. म्हणजे उष्णतारोधन केवळ कार्यक्षमतेसाठी नसून सुरक्षिततेसाठीही असते.

साहित्य

लवचिक नळीभोवती सिरॅमिक तंतूंची, सुमारे १२ मिमी जाडीची गादी गुंडाळून त्यावर तारेची जाळी चढवणे ही प्रचलित पद्धत आहे. जाळीमुळे नळी खाली सोडताना गादी फाटत नाही. धुरांडे अरुंद किंवा वाकडे असल्यास व्हर्मिक्युलाइट वा पर्लाइट यांचे मिश्रण वरून पोकळीत ओततात. मात्र अमेरिकेतील जुन्या घरांत आढळणाऱ्या व्हर्मिक्युलाइटला हात लावण्यापूर्वी ते तपासून घ्यावे लागते; मोंटाना राज्यातील लिबी येथील खाणीच्या मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. ही खाण १९९० मध्ये बंद झाली. सिरॅमिक तंतू हाताळतानाही मुखपट्टी आवश्यक असते. नळीच्या तळाशी पोलादी पत्रा बसवून पोकळी बंद केल्यास खोलीतील उबदार हवा वर निघून जात नाही.

मर्यादा

ओले लाकूड, चुकीचा व्यास किंवा अपुरी उंची यांवर उष्णतारोधन हा उपाय नाही. अतिशय उंच धुरांड्यात ओढ गरजेपेक्षा वाढून लाकूड भराभर जळते. तेथे नळीत झडप बसवावी लागते. नियमित सफाईही टळत नाही, फक्त प्रत्येक वेळी निघणारी काजळी कमी व कोरडी असते.