पोवळ्याची वेल, विजेची वेल

तमिळमध्ये 'कोडि' म्हणजे वेल. 'पवळम्' म्हणजे पोवळे. दोन्ही शब्द प्रवाळाचीच लेकरे. त्यामुळे 'पवळक्कोडि' या नावाचा अर्थ आपल्याला फोड न करताही लागतो : पोवळ्याची वेल. 'मिन्नल' म्हणजे वीज. मग 'मिन्नलक्कोडि' म्हणजे विजेची वेल, आपली विद्युल्लता. तमिळ बोलपटाच्या पहिल्या काही वर्षांत या दोन्ही वेली पडद्यावर आल्या. 1934 साली पहिली, 1937 साली दुसरी. दोघींमध्ये अंतर मात्र तीन वर्षांपेक्षा फार मोठे.

'पवळक्कोडि' होती रंगभूमीची मुलगी. अर्जुनाच्या तमिळ लोककथेतल्या नायिकेवरचे हे नाटक आधीच गाजलेले होते. एम. के. त्यागराज भागवतर आणि एस. डी. सुब्बुलक्ष्मी या मंचावरच्याच जोडीला घेऊन के. सुब्रह्मण्यम यांनी ते पडद्यावर आणले. गाणी किती? सुमारे पन्नास! आपल्या संगीत नाटकांची सवय असलेल्या वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये. पण गाण्यांची ही गर्दी निव्वळ रसिकांच्या हौसेपोटी नव्हती. पार्श्वगायन आलेले नव्हते. नट गात असतानाच त्याचा आवाज मुद्रित व्हायचा. वादक चौकटीबाहेर दबा धरून बसायचे, मायक्रोफोन कुठेतरी आडोशाला लपवलेला असायचा आणि गाणाऱ्याने त्याच्यापासून लांब जायचे नाही, हा दंडक. चांगला गळा मिळाला की त्याला एका जागी उभे करायचे आणि गाऊ द्यायचे, हेच सोयीचे. अशा पडद्यावर धावायचे कोणी आणि कसे?

उत्तर मुंबईतून आले. इथे मूकपटांच्या काळापासून मारधाडीच्या चित्रपटांचा धंदा मुरलेला होता. घोडे होते, तलवारबाज होते, उंचावरून उडी टाकणारी माणसे होती. 1935 साली वाडिया बंधूंच्या 'हंटरवाली'ने त्या धंद्यात बाई नायकाच्या जागी उभी केली. पर्थमध्ये जन्मलेली मेरी एव्हान्स 'नादिया' होऊन चाबूक घेऊन आली आणि प्रेक्षक खुळावले. दोनच वर्षांत तिची तमिळ बहीण निघाली : 'मिन्नलक्कोडि'. मुंबईचे निर्माते रमणिकलाल मोहनलाल, दिग्दर्शक के. अमरनाथ, नायिका के. टी. रुक्मिणी, नायक श्रीनिवास राव.

कथा थोडक्यात अशी : मिन्नलक्कोडि हे मुळात एका दरोडेखोर स्त्रीचे नाव. घरच्यांच्या कपटाने देशोधडीला लागलेली मोहिनी तिला भेटते आणि तिच्या मृत्यूनंतर तेच नाव घेऊन, पुरुषी वेशात, श्रीमंतांना लुटून गरिबांना देऊ लागते. तिच्या मागावरचा पोलीस अधिकारी अखेर तिच्याच प्रेमात पडतो.

'हंटरवाली'ची नक्कल म्हणून हे बाजूला सारता येईल, पण मला ते पटत नाही. हंटरवाली राजकन्या आहे. तिचे सारे शौर्य बापासाठी आणि गादीसाठी. मोहिनीला वारसा मिळतो तो एका परक्या बाईकडून, आणि तोही फक्त नावाचा. शिवाय इथे दुष्ट प्रधान नाही, पोलीस आहेत. म्हणजे गोष्ट 'एके काळी'मधून उठून आजच्या रस्त्यावर आली. शेवटी प्रेम आणि लग्न हे ओघाने आलेच. पोलिसांना नायिकेपुढे कायमचे हरू देणे 1937 साली कोणाला परवडणार होते? त्याच वर्षी 'चिंतामणि' आणि 'अंबिकापति' या भागवतरांच्या दोन संगीतमय चित्रपटांनी तमिळ प्रेक्षकांना वेड लावले. विजेची वेल या सुरांच्या पावसातच चमकली.

मुंबईत तमिळ चित्रपट, हे वाचून चमकायचे कारण नाही. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' (1931) अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत, इथेच झाला. मद्रासमध्ये स्वतःचा ध्वनी-स्टुडिओ उभा राहायला 1934 उजाडले. त्याच वर्षी आपल्या प्रभातनेही बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनात तमिळ 'सीताकल्याणम्' काढला. त्यात राम-सीतेच्या भूमिकेत सख्खे भाऊ-बहीण, एस. राजम आणि एस. जयलक्ष्मी! कोणाच्या भुवया उंचावल्या नसतील तरच नवल.

अमरनाथ पुढे हिंदीत रमले. 'गाँव की गोरी', 'मिर्झा साहिबाँ', 'अलिफ लैला' ही त्यांचीच. 1930च्या दशकातल्या बहुतेक तमिळ बोलपटांच्या प्रती मात्र आज कुठेच नाहीत. जुन्या नायट्रेट फिल्मने काही पेट घेऊन, काही कुजून हिशेब संपवला.

'सीताकल्याणम्'मध्ये रावणाच्या दरबारात एक छोटा मुलगाही दिसला होता. राजमचा धाकटा भाऊ, बालचंदर. वीस वर्षांनी, 1954 साली, त्यानेच एव्हीएमसाठी 'अंद नाळ' हा रहस्यपट केला. त्यात गाणी होती शून्य. त्या चित्रपटाकडे पुढच्या आठवड्यात वळू.