न दिसणारी कावीळ

भिलाईलगतच्या जामुलसारख्या कारखानदारीच्या गावात माणूस पाळीवर वेळेत हजर होतो, तोवर तो निरोगीच मानला जातो. डोळे पिवळे दिसू लागले, की कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी झाडपाल्याचा रस देतो. वस्तुतः कावीळ हे केवळ लक्षण आहे. तिच्यामागे अनेकदा यकृताला सूज आणणारे हिपॅटायटिसचे विषाणू असतात.

त्यांपैकी ‘ए’ आणि ‘ई’ हे दूषित पाणी व अन्नातून पसरतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे ‘ई’ची मोठी साथ उद्भवली होती. बहुतेक रुग्ण यातून पूर्ण बरे होतात. गर्भवतींना मात्र ‘ई’ प्राणघातक ठरू शकतो.

‘बी’ आणि ‘सी’ अधिक फसवे आहेत. संसर्गित रक्त, न उकळलेल्या सुया, असुरक्षित शरीरसंबंध व प्रसूतीसमयी मातेकडून बाळाला ते संक्रमित होतात. कोणतेही लक्षण न दाखवता ते वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना अनेक रक्तदात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातून ‘बी’चा विषाणू शरीरात शिरला. सुमारे अठरा वर्षांनी साध्या तपासणीत तो आढळला, तेव्हा यकृताचा तीन चतुर्थांश भाग निकामी झाला होता, असे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे.

२८ जुलैचे महत्त्व

‘बी’ विषाणूचा शोध लावणारे नोबेल विजेते बरूच ब्लूमबर्ग यांचा हा जन्मदिन. २०१० मधील जागतिक आरोग्य सभेच्या ठरावानंतर तो ‘जागतिक हिपॅटायटिस दिन’ म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना ‘बी’चा व ५५ लाखांना ‘सी’चा दीर्घकालीन संसर्ग होता. जगभरातील ‘बी’बाधितांपैकी केवळ १३ टक्क्यांचे निदान झाले होते. म्हणजे उणीव औषधांपेक्षा माहितीची आहे.

‘सी’ साधारणतः बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ‘बी’ औषधांनी आटोक्यात राहतो व लसीने टळतो. जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली मात्रा देणे हिताचे. ही लस देशभरातील बालकांच्या नियमित लसीकरणात २०११ च्या सुमारास आली. त्यामुळे आज कमावत्या वयातील अनेकांना ती मिळालेलीच नसेल. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने रक्ततपासणी व लसीकरण करून घ्यावे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तपासणी व औषधे मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी.

एकत्र जेवल्याने वा हस्तांदोलनाने ‘बी’, ‘सी’ पसरत नाहीत. म्हणून सहकाऱ्याचा डबा वेगळा मांडू नये. अशा वागणुकीच्या भीतीनेच माणसे आजार लपवतात आणि तपासणी टाळतात. खात्यातील शिल्लक आपण वेळोवेळी पाहतो. यकृताची विचारपूसही तितक्याच सहजतेने व्हावी.