परदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्याने कागद आधी बांधावेत, माल नंतर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आम्ही तीस वर्षे कापडाचा धंदा करीत आहोत. गिऱ्हाइकाला माल दाखवणे, भाव सांगणे आणि पावती फाडणे एवढे आम्हाला पक्के ठाऊक. परंतु 2019 साली आखातातील एका प्रदर्शनाला गेलो, तेव्हा कळले की माल दाखवणे वेगळे आणि तो सरहद्दीपलीकडे नेऊन परत आणणे वेगळे.

आम्ही सोबत इचलकरंजीच्या कापडाचे 60 ड्रेस पीस आणि कोल्हापुरी चपलांचे 20 जोड नेले होते. नमुने दाखवले, पत्ते घेतले आणि माल घेऊन परत निघालो. आपल्याच देशातील विमानतळावर उतरून आम्ही बेधडक हिरव्या मार्गाने चाललो, तोच कस्टम अधिकाऱ्याने बॅगा उघडायला लावल्या.

"एवढा माल कुठला?"

"साहेब, आमच्याच गावचा."

"मग नेल्याचा कागद दाखवा."

कागद नव्हता. दुकानापासून सुमारे 30 किलोमीटरवर विणलेले कापड त्या दिवशी परदेशी माल ठरले! जकात आणि दंड भरून बाहेर पडलो, तेव्हा नमुन्यांच्या निम्म्याहून अधिक किमतीचे पैसे गेले होते. अधिकाऱ्याचा राग आला; पण शांतपणे विचार केल्यावर चूक आमचीच दिसली.

कस्टम कायदा 1962 चा आहे. त्याच्या 77 व्या कलमाप्रमाणे आपल्या सामानात काय आहे हे प्रवाशाने स्वतः सांगायचे असते. सवलत आहे ती घरच्या वापराच्या सामानाला, धंद्याच्या मालाला नाही. 2016 च्या नियमांत बहुतेक देशांतून परतणाऱ्या प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंतची सूट होती. अशा मर्यादा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजा आकडा पाहून घ्यावा. शंका असेल तर लाल मार्गाने जाऊन विचारावे. विचारणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. न सांगता निघालेला मात्र पकडला जातो.

दागिने, कॅमेरा यांसारखी मोलाची वस्तू परत आणायची असेल, तर जातानाच कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वीच हे काम उरकावे. प्रदर्शनात मांडून परत आणायच्या मालासाठी 'एटीए कार्नेट' नावाचा कागद असतो. भारतात तो 'फिक्की' ही संस्था देते आणि त्याची मुदत एक वर्षापर्यंत असते. विकण्याचा माल असेल, तर आयात-निर्यात क्रमांक काढून रीतसर कार्गोनेच पाठवावा. बॅगेत कोंबून धंदा होत नाही.

रोकडीचाही हिशेब ठेवावा. भारतीय रहिवाशाला जाता-येता 25,000 रुपयांपर्यंतच भारतीय चलन जवळ बाळगता येते. परत येताना परकीय नोटा 5,000 डॉलरहून अधिक असतील, तर त्या जाहीर कराव्या लागतात.

इमिग्रेशनच्या खिडकीवर नाव आणि कागद पाहिले जातात. आपल्यातील कित्येक बुजुर्गांच्या पासपोर्टवर एकच नाव असते, आडनावाची जागा रिकामी. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून अशा पासपोर्टवर भेटीच्या व्हिसाने येण्यास मनाई केली. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्ट उघडून पाहावा. मुदतही किमान सहा महिने शिल्लक असावी.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. निघताना शेजारीपाजारी पुडकी आणून देतात, "आमच्या पोराला तेवढी द्या." आपल्याकडे गोडधोडात, मसाल्यात घालतात ती खसखस अमिरातीत आणि सौदीत मादक पदार्थांत मोडते. ती सापडल्यास तुरुंगाची पाळी येते. पुडके उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसऱ्याची अमानत पोहोचवणे चांगले. पण तिच्यात काय आहे हे ठाऊक असलेच पाहिजे.

कोल्हापूरहून परदेशी जाणारे आपण बहुतेक रात्रभर प्रवास करून मुंबई गाठतो. पहाटे झोपाळलेल्या डोळ्यांनी कागद शोधू लागल्यास गोंधळ होणारच. म्हणून मालाची यादी, बिले आणि पासपोर्ट एका पिशवीत घरीच बांधावेत. आमचे 2019 सालचे नुकसान भरून आले नाही. पण हे वाचून एखाद्या भावाचे पैसे वाचले, तरी ते सार्थकी लागले असे आम्ही समजू.