राम राम कुणाला, ओला कुणाला
लेखमाला : ओळख स्पॅनिशची – लेखांक ७

स्पॅनिशमधले भेटीगाठीचे शब्द पाठ करायला एक दुपार पुरते. ओला, ब्वेनोस दिआस, के ताल, अदिओस. एवढं मोबाइलवरचं कुठलंही ॲप पहिल्याच दिवशी शिकवतं. पण यातलं काय कुणाला म्हणायचं, कुठं म्हणायचं आणि कुठं गप्प बसायचं, हे ॲप सांगत नाही. माझं ठाम मत असं, की धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या मुलामुलींना यातलं बरंचसं आधीच येत असतं. परकी भाषा हातात घेतली की मात्र आपली मुलं घरची रीतभात गावठी समजून बाजूला ठेवतात आणि स्पॅनिश बोलताना उगाच तुटक वाटतात. म्हणून आज आधी आपल्या गावात हिंडू, मग स्पेन-मेक्सिकोकडे वळू.

आपल्याकडे एकच नमस्कार सगळ्यांना चालत नाही. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला 'राम राम'. गळ्यात तुळशीची माळ दिसली की 'राम कृष्ण हरी', आणि मग वय न बघता दोघंही एकमेकांच्या पायाशी वाकतात. गोरोबाकाकांच्या तेरला हे रोज दिसतं. कुंथलगिरीच्या वाटेवर 'जय जिनेंद्र', उमरगा-मुरूम भागात लिंगायत घरी 'शरणु शरणार्थी', तांड्यावर 'जय सेवालाल', परंड्यात दर्ग्याजवळच्या चहावाल्याला 'सलाम वालेकुम'. कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब आंबेडकर तिथं आले. त्या भागात 'जय भीम' कानावर पडतो तेव्हा त्यामागे हा सगळा इतिहास उभा असतो. 'जय भीम' म्हणणाऱ्याला 'जय भीम'च परत जातो. समोरच्यानं जे दिलं तेच परत करायचं, हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नाही. बापाच्या मागं गावातून चालता चालता तो अंगात मुरतो.

स्पॅनिशमध्ये ही निवड धर्म-पंथावर होत नाही, वेळेवर आणि नात्यावर होते. सकाळी 'ब्वेनोस दिआस', दुपारी 'ब्वेनास तार्देस', अंधार पडल्यावर 'ब्वेनास नोचेस'. घड्याळाकडे मात्र फार बघू नका. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनला होतं, आणि जेवण होईपर्यंत पुष्कळ लोक सकाळच धरतात. दीड वाजता कुणी 'ब्वेनोस दिआस' म्हणालं तर त्याचं चुकलेलं नाही, तो अजून जेवलेला नाही. 'ब्वेनास नोचेस' भेटतानाही चालतं आणि निघतानाही. 'ओला' हे मित्रांचं, शेजाऱ्यांचं, बरोबरीच्यांचं. साठीच्या माणसाला पहिल्या भेटीत नुसतं 'ओला' म्हणू नये, 'ब्वेनोस दिआस' म्हणावं.

आणि हे आधी म्हणावं, काम नंतर सांगावं. स्पेनमध्ये दुकानात शिरताना, लिफ्टमध्ये, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या अनोळखी लोकांतसुद्धा आत येणारा माणूस सगळ्यांना मिळून 'ब्वेनोस दिआस' म्हणतो. आल्याआल्या 'अमुक द्या' म्हटलं तर वस्तू मिळते, पण कपाळाला आठी पडते. आपल्याकडे तरी काय वेगळं? कुणाच्या दारात गेल्यावर 'पाणी द्या' आधी येत नाही. 'हायेत का घरी मामा' आधी येतं.

मग येते विचारपूस. 'कवा आलाव?', 'कुठं निघालाव?', 'बरं हाय का?' हे आपले प्रश्न माहितीसाठी नसतात. कुठं निघालाव याला 'हितंच' एवढं उत्तर पुरतं आणि विचारणाराही खूश असतो. 'के ताल' तसंच आहे. त्याला 'ब्येन, इ तू?' म्हणजे 'बरंय, तुझं काय?' एवढं म्हणावं आणि पुढं सरकावं. तिथं उभं राहून गुडघेदुखी सांगायची नसते. पण उलट विचारायला मात्र विसरू नये. 'तुझं काय' न म्हणणारा माणूस दोन्हीकडे शिष्ट ठरतो.

या 'तू'पाशी थांबायला हवं. स्पॅनिशमधला 'तू' आपल्या 'तू'सारखाच उच्चारायचा आणि बहुतेक तसाच वापरायचा. तुम्हीसाठी 'उस्तेद'. आपल्याकडे आईला तू आणि वडलांना तुम्ही म्हणणारी घरं गावोगाव आहेत. पंचवीस वर्षांच्या जावयाला साठीची सासू तुम्ही म्हणते. नात्याचा हा हिशोब ज्याच्या डोक्यात आहे त्याला 'उस्तेद' अवघड जाणार नाही. फक्त देश बघावा लागतो. स्पेनमध्ये लोक चटकन 'तू'वर येतात. कोलंबियात बोगोटाकडे मात्र नवरा-बायको आणि आईबाप-मुलंही एकमेकांना प्रेमानं 'उस्तेद' म्हणताना ऐकू येतात. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'वोस' आहे. नवख्यानं एक करावं : मोठ्यांना, अधिकाऱ्यांना, अनोळखी माणसाला 'उस्तेद'नं सुरुवात करावी आणि 'तू म्हण रे' हे त्यांनी सांगेपर्यंत वाट बघावी.

पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला या कॅरिबियन पट्ट्यातली एक रीत मला फार आवडते. तिथली मुलं आजी-आजोबा, मामा-मावशी दिसले की 'बेंदिसिओन' म्हणतात, म्हणजे आशीर्वाद मागतात. फोनवरसुद्धा पहिला शब्द तोच. पलीकडून उत्तर येतं 'दिओस ते बेंदिगा', देव तुझं भलं करो. पोरगं चाळिशीचं झालं तरी हे सुटत नाही. दिवाळीला पुण्याहून आलेला नातू पाया पडतो आणि आजी 'औक्षवंत हो लेकरा' म्हणते, त्यातला आणि यातला फरक फक्त वाकण्याचा आहे.

दुसरी रीत जेवणाची. मेक्सिकोत खानावळीतून बाहेर पडताना वाटेतल्या टेबलांवर जेवणाऱ्या अनोळखी लोकांनाही 'प्रोवेचो' म्हणतात. पंगतीत आपण म्हणतो ना, 'सावकाश होऊ द्या', अगदी तेच. म्हणायचं आणि चालू लागायचं, उत्तरासाठी थांबायचं नाही. गालाला गाल लावून भेटण्याचं मात्र स्वतःहून काही करू नका. स्पेनमध्ये दोनदा, बऱ्याच लॅटिन अमेरिकी देशांत एकदा असा रिवाज आहे. समोरचा पुढं झाला तर साथ द्यावी, नाहीतर हात पुढं करावा.

आता कौतुक. इथं खरी पारख लागते.

आपल्या आठवडी बाजारात उस्मानाबादी शेळीचा सौदा बघा. घेणारा काळ्याभोर शेळीपुढं उकिडवा बसतो, जबडा उघडून दात बघतो, कासेवरून हात फिरवतो आणि तोंड वाकडं करून उठतो. शेळी पसंत पडलेली असते, पण 'बरी हाय' एवढंही तोंडातून निघत नाही. जुळी देते, दुधाला चांगली आहे, हे सगळं विकणाऱ्यानं बोलायचं. घेणाऱ्यानं कौतुक केलं की भाव चढला. पुढं तीच शेळी दावणीला बांधल्यावर पाहुणा आला, तर त्यानंही दुधाचा आकडा विचारत बसू नये आणि 'काय शेळी हाय' म्हणून टक लावून बघू नये. नजर लागते, असं घरची बाई मनात म्हणतेच.

लेकराच्या बाबतीत तर हे फारच. बाळ गोजिरं दिसलं तर म्हातारी आजी 'किती छान' असं कोरडं म्हणून थांबत नाही. दोन्ही तळहात बाळाच्या चेहऱ्यावरून उतरवते आणि स्वतःच्या कानशिलाशी नेऊन कडाकडा बोटं मोडते. कौतुकही झालं आणि दृष्टही निघाली. त्याआधी आईनं गालाला काळी तीट लावलेली असतेच, आणि संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत पडते ती वेगळी.

मेक्सिको, ग्वातेमाला, पोर्तो रिको इथल्या आयांना हे काहीही समजावून सांगावं लागणार नाही. त्यांच्याकडे याला 'माल दे ओखो' म्हणतात. मेक्सिकोत बाळाच्या मनगटाला हरणाच्या डोळ्यासारखी दिसणारी तपकिरी बी लाल दोऱ्यात ओवून बांधतात. पोर्तो रिकोत काळ्या दगडाची इवलीशी मूठ असते. नजर काढायला अख्खं अंडं बाळाच्या अंगावरून फिरवतात आणि फोडून पाण्यात बघतात. तिथल्या गावात कुणी बाळाचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्याला हात न लावताच निघालं, तर आई अस्वस्थ होते. कौतुक करणाऱ्यानं बाळाच्या डोक्याला किंवा हाताला अलगद स्पर्श करावा, किंवा निदान 'दिओस लो बेंदिगा' म्हणावं, अशी अपेक्षा असते. बाळाला हात लावायला दवाखाने नको म्हणतात, तेही खरं आहे. म्हणून आईकडे बघून 'दिओस लो बेंदिगा' म्हणणं सगळ्यांत बरं. कुणी या समजुती मानो न मानो, त्यामागची आईची काळजी ओळखणं बोलणाऱ्याच्या हातात असतं.

अंगकाठीवरून बोलण्यातही दोन्हीकडे मोकळेपणा आहे. 'गोर्दो' म्हणजे जाड्या, 'फ्लाका' म्हणजे बारकी. लॅटिन अमेरिकेत नवरा बायकोला, बाप मुलाला, मित्र मित्राला लाडानं अशी हाक मारतात. आपली आत्या दारातच 'किती वाळलीस गं' म्हणते आणि मामा 'तब्येत सुधारली की' म्हणतो, त्यात जसा दंश नसतो तसाच तिथंही नसतो. पण ही हाक घरच्यांचीच. बाहेरच्यानं ती उचलली की अपमान होतो. 'ग्वापा' म्हणजे सुंदर. स्पेनच्या मंडईत भाजीवाली सत्तरीच्या गिऱ्हाइकालाही 'सांग ग्वापा, काय देऊ' म्हणते आणि दोघी हसतात.

तोच 'ग्वापा' रस्त्यावर उभ्या पुरुषानं जाणाऱ्या अनोळखी मुलीला फेकला तर त्याला 'पिरोपो' म्हणतात. एके काळी तिकडे याला रसिकता मानणारे बरेच होते. बायकांनी ते सहन केलं, मग मोर्चे काढले, मग कायदे झाले. रस्त्यावरच्या लैंगिक छळाविरुद्ध पेरूनं २०१५ मध्ये, चिलीनं २०१९ मध्ये कायदा केला, आणि स्पेनच्या २०२२ च्या कायद्यानं अश्लील, अपमानास्पद शेरेबाजी गुन्हा ठरवली. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे. माझ्या तरुण वाचकांना मी स्पष्ट सांगतो : स्पॅनिश गाणी ऐकून पाठ झालेले असले शब्द अनोळखी मुलीवर वापरून बघू नका, स्पेनमध्ये नको आणि तुळजापूरच्या स्टँडवरही नको. ओळखीच्या मुलीचंही कौतुक करायचं तर ते कामाचं, बोलण्याचं, फार तर कपड्याचं असावं. 'ते केदा मुय ब्येन', तुला छान शोभतंय, एवढं म्हणावं आणि विषय बदलावा.

निर्धास्त कौतुक करावं ते स्वयंपाकाचं. 'एस्ता रिकीसिमो' म्हणजे फार चवदार झालंय. हे मनापासून म्हटलं की ताटात आणखी एक वाढ पडते. आमटी झकास झाली म्हणणाऱ्याच्या वाटीत आपल्याकडे डाव पडतो, तसंच. आणि तुमचंच कौतुक झालं तर? स्पेनमध्ये शर्ट आवडला म्हटल्यावर माणूस 'जुना आहे हो' किंवा 'स्वस्तात मिळाला' म्हणतो. मेक्सिकोत घर आवडलं म्हणाल तर 'हे तुमचंच घर' असं उत्तर येतं. ते ऐकून लगेच राहायला जायचं नसतं, हे 'तुमचंच हाय की' म्हणणाऱ्या गावाला वेगळं सांगायला नको. 'मुचास ग्रासिआस' म्हणावं आणि नम्रपणे एक शब्द स्वयंपाक करणारीबद्दल किंवा घर बांधणाऱ्याबद्दल बोलावा.

निरोपाचं थोडक्यात. आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पुन्हा भेटणाऱ्या माणसाला निघताना 'अस्ता लुएगो' म्हणावं. स्पेनमध्ये दुकानातून बाहेर पडतानाही हेच. 'अदिओस' बऱ्याच ठिकाणी कायमच्या निरोपासारखं लागतं. गंमत अशी, की गल्लीत दोघं समोरासमोर आले आणि थांबायला वेळ नसला, तर तेच 'अदिओस' चालता चालता म्हणतात, आपण सायकलवरून 'राम राम पाटील' म्हणत पुढं जातो तसं.

पुढच्या लेखांकात बाजार : भाव विचारणं, घासाघीस करणं आणि एक ते शंभर आकडे. तोवर घरातल्या प्रत्येकाला तुम्ही कोणत्या वेळी काय म्हणता ते वहीत लिहून ठेवा, आणि त्यापुढं 'तू' की 'उस्तेद' ते मांडा.