केनियातील बालकांचे इंग्रजी : अक्षरध्वनी आणि गीत

अक्षर आणि ध्वनी यांचे नाते ज्या भाषेत सरळ असते, त्या भाषेतील वाचन बालकास लवकर साध्य होते. स्वाहिली ही अशा भाषांपैकी एक होय. तिच्यात स्वर पाच असून रोमन लिपीतील पाच स्वराक्षरांचे उच्चार ठरलेले आहेत. त्यामुळे फळ्यावर बा, बे, बी, बो, बू अशी मालिका लिहून ती वर्गाकडून म्हणवून घेण्याची रीत तेथे सहज रूढ झाली. मराठी वाचकास यावरून बाराखडीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. इंग्रजीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तिची अक्षरे २६ व ध्वनी सुमारे ४४. त्यांपैकी इंग्लंडमधील प्रमाण उच्चारात संयुक्त स्वर धरून स्वरच २० मानले जातात. केनियातील बालकास या दोन्ही व्यवस्था बहुधा एकाच वयात, एकाच लिपीतून शिकाव्या लागतात. त्यांतून वाट काढण्यासाठी अक्षरध्वनिपद्धती, म्हणजे ज्यास सामान्यतः फॉनिक्स म्हणतात ती, आणि गीत या दोन साधनांचा आश्रय घेतला जातो. या साधनांची कार्यक्षेत्रे भिन्न आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली असता दोन्ही निष्फळ ठरतात.

केनियात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी माध्यमाचा प्रयोग १९५७ मध्ये नैरोबी येथे सुरू झाला, तो आफ्रिकी मुलांसाठी नव्हे, तर भारतीय वंशाच्या मुलांच्या शाळांत. गाणी, गोष्टी व खेळ यांवर भर देणारी ही ‘नवी प्राथमिक पद्धती’ पुढे आफ्रिकी मुलांच्या शाळांतही नेण्यात आली. १९६३ च्या स्वातंत्र्यानंतर १९६४ च्या ओमिंडे आयोगाने इंग्रजी माध्यमास अनुकूलता दर्शविली. १९७६ च्या गचाथी समितीने मात्र आरंभीच्या इयत्तांत परिसराची भाषा माध्यम असावी, असा कौल दिला. २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण निःशुल्क होताच दहा लाखांहून अधिक नवी मुले शाळेत आली व वर्ग तुडुंब भरले. २०१५ मध्ये ‘तुसोमे’, म्हणजे ‘चला वाचू या’, हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्यात आरंभीच्या इयत्तांसाठी स्वाहिली व इंग्रजी या दोन्ही भाषांची पुस्तके, शिक्षकांसाठी पाठवार मार्गदर्शिका आणि वर्गभेटी देणारे मार्गदर्शक अधिकारी यांची योजना होती.

अक्षरध्वनिपद्धतीचे तत्त्व असे की, मुलास अक्षरांची नावे न शिकविता त्यांचे ध्वनी शिकवावेत आणि ते ध्वनी जोडून शब्द वाचावयास लावावे. १९९२ मध्ये इंग्लंडात प्रकाशित झालेल्या व नायजेरिया, गांबिया आदी देशांतही पोहोचलेल्या ‘जॉली फॉनिक्स’ या पाठमालेत प्रत्येक ध्वनीस एक हावभाव जोडलेला असतो. परंतु या तत्त्वामागे एक अध्याहृत गृहीत आहे. इंग्रज बालक ध्वनी जोडून शब्द उच्चारते, तेव्हा तो शब्द त्याच्या कानास आधीच परिचित असतो. उच्चार होताच अर्थ उजळतो. ज्या बालकाने तो शब्द पूर्वी कधी ऐकलेलाच नाही, त्याचे ध्वनी जुळले तरी हाती काहीच येत नाही. असे बालक पान अस्खलित वाचून दाखविते आणि पानावर काय आहे ते सांगू शकत नाही.

दुसरी अडचण कानाची आहे. पाच स्वरांच्या भाषेत वाढलेला कान इंग्रजीतील कॅट, कट व कार्ट यांतील स्वर एकाच ‘आ’च्या कप्प्यात टाकतो. इंग्रजीतील ‘शर्ट’ स्वाहिलीत ‘शाटी’ झाला, हे याचेच उदाहरण होय. शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी, हा भेदही असाच लोपतो. किकुयू भाषेत स्वर सात आहेत. परंतु र आणि ल यांचा अर्थभेदक विरोध तीत नसल्याने त्या मुलांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. याउलट म, न, स, त यांसारखी बहुसंख्य व्यंजने स्वाहिली वाचनातून जवळजवळ आयती मिळतात. यास्तव सर्व अक्षरांना सारखाच वेळ देणारा पाठक्रम तेथे गैरलागू ठरतो. व्यंजनांवर वाचलेला वेळ स्वरभेद कानाने ओळखविण्याकडे वळविला पाहिजे. आणि जो भेद कानास जाणवत नाही, तो अक्षराने दाखविण्यात अर्थ नाही.

येथे गीत उपयोगी पडते, परंतु सर्वत्र नव्हे. स्वाहिलीतील देशी शब्द स्वरान्त असतात. म्हणूनच ‘बँक’ची ‘बेंकी’ होते. व्यंजनान्त इंग्रजी शब्द ठेक्यावर म्हणताना असा जादा स्वर लावला की एक मात्रा वाढते, ताल मोडतो, आणि चूक शिक्षकाने न दाखविताही वर्गास कळते. इंग्रजीतील आघातही गीतातून साधतो, मात्र तालाची सम आघातयुक्त अवयवावर पडेल अशी रचना हवी. एकाने म्हणावे व समूहाने उत्तर द्यावे ही आफ्रिकेत सर्वदूर आढळणारी गायनरीत मोठ्या वर्गात विशेष कामाची आहे; तीत प्रत्येक मुलास बोलण्याची संधी मिळते व पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही. आणि हावभावांसह म्हटलेले गीत शब्दाचा अर्थ वाचनाच्या आधीच मुलाच्या मनात रुजविते.

तथापि ऱ्हस्व-दीर्घ स्वरभेद गीताने शिकविता येत नाही. गाताना स्वराची लांबी शब्दाची राहत नाही, ती चालीची होते. लांबविलेले ‘शिप’ आणि आखडलेले ‘शीप’ यांतील अंतर मुलास कळणे दुरापास्त होय. हा भेद साध्या बोलण्यातून, शब्दांच्या जोड्या व चित्रे समोर ठेवूनच शिकविला पाहिजे. गीताने भाषेच्या अंगाने चालावे, हा धडा आफ्रिकेस नवा नाही. युरोपीय चालींवर बसविलेल्या मिशनरी भजनांत स्थानिक भाषांतील सुरांचे चढउतार मोडत. ते जपणाऱ्या चाली बांधण्याचे कार्य घानाचे संगीतकार एफ्राइम आमू (१८९९–१९९५) यांनी केले. तोच विवेक इंग्रजी गीत रचतानाही लागतो.

या विवेचनावरून पाठाचा क्रम निश्चित होतो : प्रथम गीतातून शब्द व त्याचा अर्थ, मग बोलण्यातून स्वरभेद, त्यानंतर अक्षर आणि शेवटी वाचन. हा क्रम उलटला तर समूहस्वराआड न वाचणारे मूल दडून राहते. वर्ग गात असतो, पुस्तके उघडी असतात, आणि काही मुले केवळ पाठ झालेले म्हणत असतात. म्हणून प्रत्येक गीतानंतर त्यातील चार शब्द क्रम बदलून फळ्यावर लिहावेत व एकेका मुलाकडून वाचवून अर्थ विचारावा. एवढ्या साध्या परीक्षेने पाठांतर व वाचन यांतील अंतर उघड होते. पुढील इयत्तांत गणित व विज्ञानही ज्या मुलास इंग्रजीतूनच शिकावयाचे आहे, त्याच्या बाबतीत हे अंतर वेळीच ध्यानात येणे अत्यावश्यक आहे. ते ध्यानात न आल्यास त्याचे केवळ इंग्रजीच नव्हे, तर सर्वच शिक्षण अर्थशून्य उच्चारावर उभे राहते.