खिंडीपलीकडचे महाविद्यालय

लाहौल-स्पिती हा हिमाचल प्रदेशातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. 2011च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या मात्र अवघी 31,564 भरली. चंद्रा आणि भागा या नद्या तेथे तांदी गावाजवळ एकत्र येतात. ही चंद्रभागा पंढरीची नव्हे, पुढे चिनाब म्हणून ओळखली जाणारी. तिच्या काठाने खाली उतरत गेले की कुकुमसेरी हे लहानसे गाव लागते आणि या गावात शासकीय पदवी महाविद्यालय आहे.

एवढ्या विरळ वस्तीसाठी महाविद्यालय कशाला, असा प्रश्न व्यवहारी मनाला पडतो. त्याचे उत्तर हिमवर्षावात आहे. कुलूकडे नेणारी 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड वर्षातील सुमारे सहा महिने बंद राहत असे. मुलीला शिकावयास पलीकडे धाडायचे, तर तिचा हिवाळा आईबापांपासून तुटलेला. शिवाय खोलीचे भाडे आणि भोजनखर्च. मुलासाठी सहज होणारा खर्च मुलीसाठी करताना हात आखडतो, हे आपल्या घरांनाही अपरिचित नाही.

लाहौलमध्ये या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तेथील पारंपरिक रूढीनुसार वडिलोपार्जित जमीन मुलांकडे जाते, मुलींकडे नाही. वाटाणा आणि बटाट्याच्या ज्या शेतांत स्त्रिया राबतात, त्या शेतांवर लेकीचे नाव चढत नाही. अशा मुलीपाशी पदवी असणे म्हणजे कोणत्याही वाटणीत हिरावून घेता न येणारी मत्ता असणे.

3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. शेतमालाला बाजार जवळ आला, रुग्णांची सोय झाली. या लाभांचे मोल मोठे आहे. परंतु त्याच वाटेने ऐपतदार घरांतील मुले कुलू, चंदीगडला जाऊ शकतात. ती गेली की हजेरीपटावरील नावे घटतात, आणि पट घटला की खर्च परवडत नाही अशी भाषा सुरू होते. गिऱ्हाईक नाही तर दुकान बंद, हा हिशेब आपण पेढीवर रोज करतो. येथे मात्र तो लावण्याआधी मागे कोण उरले ते पाहावे लागेल. बोगद्याने कुलूचे अंतर कमी केले, पण खोलीचे भाडे नाही. आणि ते देणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्या मुली आजही कुकुमसेरीवरच अवलंबून आहेत.